आमची लिंक काढून टाका

अतुल साठवणेच्या पोटात दुखायला लागलं ते वास्त्याच्या भाजीपासून, आणि भाजी तर त्यानं तोवर चाखलीसुद्धा नव्हती.

वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळा लागला की आपल्याकडे घराघरांत ते चिरले जातात, आणि ज्याला त्यांचा वास सहन होत नाही तो बाहेरगावचा हे न विचारता कळतं. त्या दुपारी अतुल अड्याळच्या बाजाररस्त्यावरच्या आपल्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाची वाट पाहत मोबाइल चाळत बसला होता. दिघोरीच्या जीवन गजभियेचा नवा व्हिडिओ समोर आला. जीवन लाईनमन. तारा तपासत रानातून, तलावांच्या पाळीवरून, धानाच्या बांध्यांमधून फिरणं हे त्याचं काम. फिरता फिरता कुठं कोणती रानभाजी उगवली आहे, ती ओळखायची कशी, हे तो मोबाइलवर दाखवायचा. दाखवून झालं की हसून म्हणायचा, "आता हे रांधाचं कसं, ते मले नका विचारू. मले चहा बी धड जमत नाही. अड्याळच्या प्रतिक्षाताईले विचारा. लिंक खाली देली आहे."

प्रतिक्षाताई म्हणजे अतुलची बायको.

आता यात दुखण्यासारखं काय आहे, असं तुम्ही विचाराल. पहिल्यांदा अतुललाही काही दुखलं नव्हतं. उलट त्यानं दुकानात आलेल्या दोन-तीन गिऱ्हाइकांना बोलावून दाखवलं होतं. 'प्रतिक्षाची चूल' हे चॅनल मुळात त्याच्याच डोक्यातून निघालं. लोखंडी कढया खपत नव्हत्या, म्हणून त्यानं प्रतिक्षाला नव्या कढईत तरोट्याची भाजी करायला लावली आणि मोबाइलवर टिपली. कढया खपल्या नाहीत त्या नाहीतच. लोकांनी पुढची भाजी मागितली. तेव्हापासून दर रविवारी ती चुलीपुढं आणि हा फोन धरून समोर, असं चाललं होतं. खातं दोघांच्याही फोनमध्ये उघडं असायचं. "खूप छान ताई" असं कुणी लिहिलं की दुकानात बसल्या बसल्या अतुल उत्तर द्यायचा: "धन्यवाद, नक्की करून पाहा. तुमची प्रतिक्षा." तिच्या नावानं लिहिताना त्याला कधी काही वाटलं नाही. आपल्याच घरची गोष्ट, त्यात विचारायचं काय?

जीवननं मात्र विचारलं होतं. पहिली लिंक देण्याआधी त्यानं प्रतिक्षाच्या व्हिडिओखाली चारचौघांत लिहिलं होतं: "ताई, माझ्या व्हिडिओखाली तुमची लिंक देली तर चालन का? नाही म्हटलं तरी राग नाही." त्या दिवशी अतुल माल आणायला भंडाऱ्याला गेला होता. उत्तर प्रतिक्षानं दिलं: "द्या ना भाऊ. आनंदच आहे."

हे सगळं अतुलनं तेव्हाच वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. वास्त्याच्या व्हिडिओखाली मात्र एकोडीच्या कुण्या रिकामटेकड्यानं लिहून ठेवलं: "तोडावं जीवनभाऊनं आन रांधावं प्रतिक्षाताईनं! काय जोडी आहे, वा!" त्यावर जीवननं लाल बदाम ठोकला होता. जीवन सगळ्यांच्याच लिहिण्यावर बदाम ठोकायचा, "पहिला मी" असं लिहिणाऱ्यावरसुद्धा. पण जळणारा माणूस इतका चौकशीखोर नसतो. अतुलला तो एकच बदाम दिसला.

आणि मग मागचं सगळं नव्यानं दिसायला लागलं. 'द्या ना भाऊ.' 'द्या' पुरलं नसतं का? 'ना' कशाला? आणि आनंद कसला? लग्नाला सात वर्षं झाली, मी एवढे व्हिडिओ काढले, मला कधी म्हणाली का आनंद आहे म्हणून?

संध्याकाळी जेवताना त्यानं अगदी सहज विचारलं, म्हणजे त्याला तरी ते सहज वाटलं, "त्या जीवनचं लगन झालं असन ना?"

"मले काय मालूम?" प्रतिक्षा भाकरी थापत म्हणाली. "काहून?"

"काही नाही. असंच."

"असंच कोणी कोणाचं लगन इचारते का?"

त्यानं भाकरीत तोंड घातलं. पाल मनात चुकचुकली की माणसानं ती तिथंच हाकलावी. अतुलनं तिला बसायला पाट दिला. दुकानात तो जीवनचे जुने व्हिडिओ काढून काढून पाहू लागला. हा हसतो किती वेळा, 'ताई' म्हणताना आवाज खाली का येतो, प्रत्येक वेळी तिचंच नाव का घेतो, जिल्ह्यात दुसऱ्या बायका रांधत नाहीत का? एका बाईनं पाणी भरायला पितळी गुंड मागितला तर यानं स्टीलची बादली काढून दिली. ती बिचारी घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी बदलायला आली.

त्यातून त्याला एक युक्ती सुचली, आणि ती कोणत्याही जळक्या माणसाला सुचते तितकीच शहाणी होती. जीवन रानातून भाजी दाखवतो म्हणून ना एवढं कौतुक? मग आपणच आणू. एका रविवारी सकाळी तो मोटारसायकल घेऊन गावाबाहेरच्या झुडपांत शिरला, गुडघाभर चिखलानं माखला, आणि टोपलीभर सात्या घेऊन परतला. सात्या म्हणजे वारुळापाशी उगवणाऱ्या अळंब्या; मटणाला मागं सारतील अशा चवीच्या. चेहऱ्यावर दिग्विजय होता.

प्रतिक्षानं एक अळंबी हातात घेऊन उलटसुलट केली. तिच्या कपाळावर आठी पडली. "थांबा जरा. जीवनभाऊले फोटो धाडते. त्यायले समजते यातलं."

अतुल काही बोलायच्या आत फोटो गेलाही. उत्तर लगेच आलं: "ताई, हे सात्या नाही. खाऊ नका. गुराले बी देऊ नका."

अतुलची आई गोदावरीबाई ओसरीत शेंगा सोलत बसली होती. तिला हसू आवरेना. "वाचलो वं माय," ती म्हणाली, "त्या लिंकवाल्यानं वाचोलं, नाहीतं माह्या पोरानं आज सारं घर साफ केलं असतं."

टोपली उकिरड्यावर गेली. त्या दिवशी तिनं कुड्याच्या फुलांची भाजी केली. अतुल फोन धरून समोर उभा, आणि ती कॅमेऱ्यात पाहून, म्हणजे त्याच्याकडेच पाहून, गोड आवाजात सांगत होती, "जीवनभाऊ सांगतात तसं, फुलं आधी उकळून पाणी फेकून द्यायचं, म्हणजे कडूपणा जातो." हेही तो सांगतो! आजपर्यंत हिची आजी सांगायची, हिची माय सांगायची, आता जीवनभाऊ सांगतो! अतुलच्या अंगाचा तिळपापड झाला. मत्सर त्याला होता, साधा, नवऱ्याचा, भाकरीच्या तव्यासारखा तापलेला मत्सर, आणि त्याला स्वतःलाच त्याची इतकी लाज वाटत होती की तो कुणाजवळ बोलूही शकत नव्हता. बोलणार काय? की माझ्या बायकोला एक लाईनमन ताई म्हणतो?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या त्यानं फोन काढला. ती जुनी जागा शोधली, जिथं जीवननं विचारलं होतं आणि तिनं 'द्या ना' म्हटलं होतं. जीवनला खाजगीत लिहिता आलं असतं. पण जोडी म्हणणाऱ्यांनीही ते वाचावं, असं त्याला वाटत होतं. शब्दांना वजन यावं म्हणून पुस्तकी भाषेत त्यानं तिथंच खाली लिहिलं:

"आमची लिंक तुमच्या व्हिडिओखालून काढून टाका. आमचं नाव तुमच्या नावासोबत आलेलं आम्हाला चालत नाही. पुन्हा देऊ नका. प्रतिक्षा."

कारण लिहिलं नाही. कारण लिहायची लाज वाटली.

दुपारपर्यंत जीवनचं उत्तर आलं: "ठीक आहे ताई. काढतो. काही चुकलं असन तर माफ करा." संध्याकाळी अतुलनं एकेक व्हिडिओ उघडून पाहिला. खरंच सगळीकडून लिंक गेली होती. त्याला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना त्यानं गरम समोसे बांधून घेतले. प्रतिक्षानं विचारलं, "आज काय आहे?" तर म्हणाला, "काही नाही, असंच." समोसे तिनं आवडीनं खाल्ले. त्या आठवड्यात तिच्या आत्याकडे लग्न होतं, फोन हातात घ्यायलाही तिला फुरसत नव्हती, आणि अतुलला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण कारणाची जागा रिकामी ठेवली की लोक ती भरतात, आणि आपल्याकडे ती कशानं भरतात हे शाळेतलं पोरही सांगेल. एका बाजूला साठवणे, दुसऱ्या बाजूला गजभिये. एक गावातल्या बाजारातला, दुसऱ्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो; व्हिडिओ सुरू करताना तो 'जय भीम' म्हणतो. आणि विषय काय, तर भाजी. एकानं तोडायची आणि दुसरीनं रांधायची. आणि ती रांधणारी म्हणते, तुमच्या नावासोबत आमचं नाव चालत नाही.

कुणीतरी लिहिलं: "काहून ताई? गजभियेच्या हातची भाजी बाटली का?" खाली दुसऱ्यानं: "इतके दिवस त्याच्या लिंकवर पोट भरलं, तेव्हा चालत होतं." तिसरा नुसता लिहून गेला: "कळलं."

हे वाईट होतं. याहून वाईट ते, ज्यांनी पाठ थोपटली. "बरं केलं ताई. ज्यानं त्यानं आपापल्या जागी राहावं." "ताईंनी हिंमत दाखवली." अशा लोकांनी प्रतिक्षाला एका दिवसात इतकं डोक्यावर घेतलं की चॅनल कधी नव्हे एवढं वाढलं. अतुलनं घाबरून आपलं लिहिणं पुसून टाकलं. त्यानं आगीत तेल पडलं. त्या लिहिण्याचा फोटो आधीच गावोगावच्या ग्रुपवर फिरत होता, आणि आता त्याखाली नवी ओळ होती: "लिहिते आणि पुसते."

प्रतिक्षाला कळलं ते शुभांगीकडून. शुभांगी मेश्राम शेजारच्या गल्लीतली अंगणवाडीची सेविका, प्रतिक्षाची मैत्रीण; तिच्याही घरात बाबासाहेबांचाच फोटो. दर रविवारी व्हिडिओ संपला की पहिला घास शुभांगीचा, हे ठरलेलं. "मीठ कमी" म्हणायची हिंमत त्या घरात तिच्या एकटीत होती. प्रतिक्षा लग्नाहून आली त्या रविवारी शुभांगी आली नाही. प्रतिक्षा वाटी झाकून स्वतः घेऊन गेली. शुभांगी दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही, आणि मोबाइलवरचा तो फोटो पुढं केला.

"हे तू लिवलं?"

प्रतिक्षानं वाचलं. पुन्हा वाचलं. "मी? मी नाही लिवलं, शुभे. तुह्या गळ्याची शपथ."

"तुहं नाव आहे."

"नाव माहं आहे. लिवलं मी नाही."

शुभांगीनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. विश्वास ठेवावासा वाटत होता तिला, ते दिसत होतं. पण असं याआधीही कुणावर ठेवून फसली असावी. "बरं," ती म्हणाली, आणि वाटी मात्र घेतली नाही.

प्रतिक्षा घरी आली ती सरळ अतुलसमोर. "अजी, हे पाहा. माह्या खात्यातून कोणं लिवलं हे?"

तेव्हा सांगता आलं असतं. पण अतुलच्या तोंडून भलतंच निघालं. "हॅक झालं असन. आजकाल लय होऊन राहिलं तसं. मी पासवर्ड बदलवतो."

ती भाबडी नव्हती, पण नवऱ्यावर संशय घ्यायची तिला सवय नव्हती. ती सवय त्या घरात एकाकडेच होती. तिनं मान हलवली, डोळे पुसले आणि म्हणाली, "मंग चला दिघोरीले. फोनवर नाही. त्यायच्या घरी जाऊन सांगते मी. त्या माणसानं 'चुकलं असन तर माफ करा' लिवलं आहे. चूक कोणाची आन माफी कोण मागून राहिलं!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्याचं नाव बायकोच्या नावाशेजारी पाहवत नव्हतं, त्याच्या घरी अतुल तिला स्वतःच्या गाडीवर बसवून घेऊन निघाला. तासाभराची वाट. रोवणं आटोपलं होतं, दोन्ही बाजूंना धान हिरवंगार उभं होतं. मागं प्रतिक्षा काय काय बोलायचं ते पुटपुटून पाहत होती. "भाऊ, ते मी लिवलं नाही. भाऊ, तुम्ही मनावर घेऊ नका." तिच्या प्रत्येक 'भाऊ'ला अतुलच्या काळजात काटा रुतत होता, आणि ते लिहिणारा चोर पुढं बसून गाडी चालवत होता.

जीवन दारातच भेटला. बुटका, पोट सुटलेला, चष्म्याची एक दांडी सेलोटेपनं चिकटवलेली. व्हिडिओत तो नेहमी झाडापाशी वाकलेला दिसे, त्यामुळं उंची कधी कळली नव्हती. अतुलला एक क्षण भारी आनंद झाला. मग त्यानं पाहिलं की प्रतिक्षाला त्या बुटकेपणाचं काहीच वाटलेलं नाही, ती हात जोडून उभी आहे, आणि त्याचा आनंद जागच्या जागी आंबला. जीवनची बायको लेकरांना घेऊन माहेरी गेली होती. घरात तो आणि त्याची म्हातारी आई, बायजाबाई.

"जय भीम," जीवन म्हणाला.

"जय भीम, भाऊ," प्रतिक्षा म्हणाली. अतुलनंही म्हटलं, जरा उशिरानं.

बायजाबाई आतून ताटलीत पाण्याचे दोन गिलास घेऊन आली. पुढं केली नाही. ताटली हातात धरून ती उभी राहिली आणि प्रतिक्षाकडे पाहत हळूच म्हणाली, "पाणी चालन ना, बाई?"

म्हातारीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिनं खरोखरच विचारलं होतं. 'चालत नाही' असं लिहिणारी बाई दारात आलेली, तिला विचारूनच द्यावं, एवढं साधं. प्रतिक्षाचे डोळे भरून आले. तिनं गिलास उचलला आणि एका दमात रिकामा केला, पाणी गळ्यावरून ओघळलं तरी थांबली नाही. अतुलनंही गिलास घेतला. आयुष्यात त्याला कुणी असं विचारलं नव्हतं, आणि कुणाला असं विचारावं लागतं हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

प्रतिक्षानं सांगितलं. खात्यात कुणी शिरलं, तिच्या नावानं लिहिलं, तिला मागाहून कळलं. जीवन ऐकत राहिला. मग म्हणाला, "असन ताई. होते तसं." पण त्याला ते पटलं नव्हतं, आणि पटलं नाही हे त्याला दाखवायचंही नव्हतं.

"मी याले म्हटलं," बायजाबाई म्हणाली, "बाबू, तू कायले गेला त्यायच्या चुलीजवळ? रानातलं रानात दाखवाचं आन घरी याचं. त्या दिसापासून यानं मोबाइल नाही धरला हातात."

"सोड ना बाई," जीवन आईला म्हणाला.

अतुलनं गिलास खाली ठेवला. "हॅक-बिक काही नाही झालं," तो म्हणाला. "म्या लिवलं ते."

प्रतिक्षानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"काहून?" जीवननं विचारलं.

आता सांगितल्याशिवाय सुटका नव्हती. "लोक जोडी-जोडी म्हणून राहिले होते," अतुल जमिनीकडे पाहत म्हणाला. "तुम्ही तिचं नाव घेता, ती तुमचं घेते. मले पाहवलं नाही. जळलो मी. बस, एवढंच. जातीचं त्यात काही नव्हतं, भाऊ. खरं सांगतो."

बायजाबाईला हसू फुटलं. तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर ती हसली. "जळला होय! नवरा जळला! अगा बाबू, मंग तसं लिवाचं ना! आमी का कधी जळलेला नवरा पाह्यला नाही?" म्हातारीच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. जी गोष्ट अतुलला सांगायची लाज वाटली, तीच त्या घराला हवी होती.

जीवन मात्र हसला नाही. "जातीचं नव्हतं म्हणता," तो शांतपणे म्हणाला, "मानलं. पण भाऊ, लिवतानी समोर गजभिये वाचणार आहे, हे तं मालूम होतं ना तुमाले? मी ते वाचून काय समजन, हे एकदा बी मनात नाही आलं?"

अतुलच्या मनात नव्हतंच आलं. त्याला ते मनात आणायची गरज कधी पडली नव्हती.

प्रतिक्षाला ना बायजाबाईसारखं हसू आलं होतं, ना रडू. "माह्या नावानं लिवलं," ती शेवटी म्हणाली, स्वतःशीच बोलल्यासारखी. "शुभीपाशी मी तिच्या गळ्याची शपथ घेतली."

"प्रतिक्षा..."

तिनं त्याला हातानंच थांबवलं आणि जीवनकडे वळली. "भाऊ, तुमच्या घरी बसून एक व्हिडिओ घेऊ का? तुमी दिसान, तुमची माय दिसन, हे घर दिसन. माह्या चॅनलवर टाकीन. चालन का तुमाले? नाही म्हटलं तरी राग नाही."

जीवननं आईकडे पाहिलं. बायजाबाई म्हणाली, "घे ना बाई. थांब, मी चांगलं लुगडं नेसून येतो."

"मी नाही दिसत, ताई," जीवन म्हणाला. "घर घ्या, मायले घ्या. मले राहू द्या. पुन्हा जोडी म्हणतीन लोक. आन लिंक बी आता नको. तुमच्या घरात माह्यावरून काही नको."

"बरं," प्रतिक्षा म्हणाली. तिला ते लागलं, पण तिनं त्याला पुन्हा गळ घातली नाही.

ती चटईवर बसली. शेजारी नव्या लुगड्यात बायजाबाई. प्रतिक्षानं आपला फोन अतुलच्या हातात दिला. तो घेऊन तो समोर उभा राहिला, रविवारी राहायचा तसा. बटण दाबायच्या आत ती म्हणाली, "थांबा. आधी तुमाले इचारते."

"काय?"

"मी सांगणार आहो, का ते मी लिवलं नव्हतं. मंग लोक इचारतीन, कोणं लिवलं. तुमचं नाव घेऊ का?"

अतुलच्या डोळ्यांपुढून अख्खा बाजाररस्ता गेला. समोरचा कापडवाला, चौकातली पानटपरी, बादली बदलायला आलेली ती बाई. बायकोवर जळणारा साठवणे. येता-जाता पोरं टपली मारतील, पितळी हंडा घ्यायला आलेला म्हाताराही विचारील, काय अतुलभाऊ, विझली का?

"नाही म्हणा," प्रतिक्षा म्हणाली, "नाही घेणार. हॅक झालं म्हणीन. शुभीले बी तेच सांगीन. जन्मभर तेच सांगीन, तुमाले कधी बोलून दाखोणार नाही."

आणि ती तसंच करील, हे अतुलला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तिचं विचारणं त्याला सोसेना. ती रागावली असती, ओरडली असती, न विचारता नाव घेऊन मोकळी झाली असती तर त्याला किती सोपं गेलं असतं.

"घे," तो म्हणाला.

"पुरं नाव?"

"पुरं."

"आन कारण?"

बायजाबाई पदर सारखा करत दोघांकडे आळीपाळीनं पाहत होती. "कारण बी सांग," अतुल म्हणाला.

त्यानं बटण दाबलं. प्रतिक्षा बोलायला लागली. "नमस्कार. मी अड्याळची प्रतिक्षा साठवणे. मी आज दिघोरीले बायजाबाईच्या घरी बसली आहो, आन यायच्या घरचं पाणी पेली आहो." पुढचं वाक्य तिला सुचेना. ती थांबली आणि तिनं वर पाहिलं, फोनच्या वरून, अतुलच्या खांद्यामागं उभ्या असलेल्या जीवनकडे. तिकडून काही खूण आली असावी, कारण तिचा चेहरा सैल झाला.

अतुलच्या आत पुन्हा तसंच पेटलं, जराही कमी नाही. मग प्रतिक्षानं नजर खाली आणली, सरळ त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचं पूर्ण नाव घेतलं. त्यानं फोन हलू दिला नाही.